पैशाला तारीख असते

२०२५ सालच्या रामनवमीचा दुसरा दिवस. एप्रिलची सात तारीख, सोमवार. सकाळी साडेनऊच्या सुमारास पुण्याहून भाच्याचा फोन आला. एरवी त्याचा फोन रविवारी संध्याकाळी येतो आणि त्यात तब्येत, आंब्याचा भाव, नव्या कादंबरीचे काय झाले अशी ठरलेली प्रश्नावली असते. त्या दिवशी मात्र सुरुवातच वेगळी होती. "मामा, टीव्ही लावलायस का? चार हजार पॉइंट गेले! एसआयपी बंद करू का? आहे तेसुद्धा काढून घेऊ?"

टीव्ही लावला. पडदा लालभडक झाला होता. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २ एप्रिलला जवळपास सगळ्या जगावर वाढीव आयातशुल्क लादण्याची घोषणा केली होती आणि त्याचा धक्का टोकियोपासून मुंबईपर्यंत बसला होता. सेन्सेक्स उघडताच सुमारे ३,९०० अंशांनी कोसळला. दिवसअखेर तो थोडा सावरला, तरी २,२२७ अंशांची घट राहिलीच.

मी भाच्याला एवढेच विचारले, "हे पैसे तुला कधी लागणार आहेत?"

फोनवर शांतता पसरली. मग तो म्हणाला, "दिवाळीत फ्लॅटचा ताबा आहे. तेव्हा बारा लाख भरायचेत."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं काही ठरवलेलं नाही."

म्हणजे त्याची अडचण त्या सोमवारी निर्माण झालेली नव्हती. दिवाळीत लागणारे बारा लाख त्याने शेअर बाजारात ठेवले, त्याच दिवशी ती निर्माण झाली होती. सोमवारी ती त्याला दिसली, इतकेच. बाकीच्या पैशांपुरते बोलायचे, तर त्याला त्या दिवशी काहीच करायची गरज नव्हती.

"कधी लागणार?" हा प्रश्न मला कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाने शिकवला नाही. तो मी एका गुरुजींकडून शिकलो, आणि त्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

ठेवपावतीची गोष्ट

१९९२ साली मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. ठेवींचे टेबल माझ्याकडे होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्राथमिक शाळेतले एक गुरुजी आले आणि त्यांनी चाळीस हजारांची ठेवपावती माझ्यासमोर ठेवली. मुदत १९९३च्या फेब्रुवारीत संपणार होती. वैशाखात मुलीचे लग्न करायचे, या हिशेबानेच त्यांनी ती केली होती.

"पावती मोडायचीय, साहेब."

"गुरुजी, दहाच महिने राहिलेत. व्याज कमी होईल."

ते हसले. "तुमच्या बारा-तेरा टक्क्यांत आता लग्न होत नाही, साहेब."

त्यांचेही चुकत नव्हते. १९९१च्या जानेवारीत हजाराच्या आसपास असलेला सेन्सेक्स ३० मार्च १९९२ला चार हजारांवर गेला होता. एसटी स्टँडवर, सलूनमध्ये, देवळाच्या पारावर शेअरच्याच गप्पा चालत. ज्यांनी आयुष्यात मुंबई पाहिली नव्हती, त्यांना एसीसीचा भाव तोंडपाठ होता. 'घरात एकदा विचारा' एवढे मी म्हणालो. पण पावतीच्या मागे रेव्हेन्यू स्टॅम्पवर त्यांनी सही केली आणि मी ती पास केली. नियमाप्रमाणे त्यात काहीच चूक नव्हती. खरे सांगायचे तर त्याच आठवड्यात मीही दहा हजार रुपये बाजारात घातले होते, आणि योगायोग असा, की दोघांनीही एकाच कंपनीचे शेअर घेतले होते.

२२ एप्रिलला सेन्सेक्स ४,४६७वर पोहोचला. दुसऱ्याच दिवशी पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी छापून आली आणि हर्षद मेहता प्रकरणाला तोंड फुटले. २८ एप्रिलला एका दिवसात निर्देशांक पावणेतेरा टक्क्यांनी घसरला. वर्षभरात तो निम्म्याहून खाली आला.

१९९३च्या फेब्रुवारीत गुरुजींनी शेअर विकले. चाळीस हजारांचे जेमतेम सतरा हजार हाती आले. उरलेली रक्कम त्यांनी शिक्षक सोसायटीतून कर्ज काढून उभी केली आणि त्याचे हप्ते निवृत्तीपर्यंत पगारातून कापले गेले. लग्न ठरल्या मुहूर्तावर झाले. मी गेलो होतो. मला पहिल्या पंगतीला बसवून त्यांनी आग्रहाने जिलेबी वाढली. दोष देणारा एक शब्दही ते बोलले नाहीत. हा प्रसंग मी आजवर एकाही कादंबरीत वापरू शकलो नाही.

माझे दहा हजारही तेव्हा चार-साडेचार हजारांवर आले होते. पण मला नियमित पगार होता आणि त्या पैशांची कोणालाच घाई नव्हती. सर्टिफिकेटे कपाटात पडून राहिली. २००६ साली घरकर्जाचा शेवटचा मोठा भरणा करायचा होता, तेव्हा ती विकली आणि चांगला नफा झाला. शेअर एकच, खरेदीचा आठवडाही एकच. गुरुजींपेक्षा मी हुशार होतो असे अजिबात नाही. त्यांच्या पैशाला तारीख होती, माझ्या पैशाला नव्हती, एवढाच काय तो फरक.

मोठ्यांच्याही तारखा

हा नियम फक्त लहान माणसांना लागू होतो, असे कोणी समजू नये. हर्षद मेहता प्रकरणाच्या मुळाशीही तारखेचाच घोळ होता. बँकांना आपल्या ठेवींचा ठराविक हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो. एखाद्या बँकेला तो कमी पडला, तर ती दुसरीकडून थोड्या दिवसांसाठी रोखे घेई आणि ठरलेल्या दिवशी ते परत विकी. या व्यवहाराला 'रेडी फॉरवर्ड' म्हणत. प्रत्यक्ष रोख्यांऐवजी 'बँक रिसीट' नावाची पावती हातात पडे. म्हणजे सातबारा न बघता 'जमीन माझी आहे' अशा चिठ्ठीवर विश्वास ठेवण्यासारखेच हे होते. काही बँकांनी हाती रोखे नसतानाच अशा पावत्या दिल्या. त्यांत आपल्या बँक ऑफ कराडचे नाव निघाले आणि ती बँक बुडाली. साताऱ्या-सांगलीकडच्या लोकांनी आपल्या भागाचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत वाचले ते अशा कारणाने.

या पावत्यांवर उभा राहिलेला पैसा दलालांमार्फत शेअर बाजारात शिरला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने घोटाळ्याचा आकडा चार हजार कोटींच्या घरात काढला. लबाडी तर होतीच. पण लबाडी उघडी पडली ती एका साध्या कारणाने. पंधरा दिवसांत परत करायचा पैसा दोन वर्षांच्या आशेवर गुंतवला होता. परत मागणारे दारात उभे राहिले आणि विकण्याशिवाय मार्ग उरला नाही.

आणि लबाडी नसली तरी तारीख चुकवत नाही. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचे उदाहरण घ्या. या बँकेने ठेवीदारांचा पैसा मुख्यतः अमेरिकी सरकारच्या आणि सरकारी पाठबळ असलेल्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांत ठेवला होता. मुदत संपेपर्यंत थांबले, तर त्यातला डॉलरही बुडणार नव्हता. पण २०२२ पासून व्याजदर चढले आणि जुन्या रोख्यांचे बाजारभाव उतरले. रोखे तोट्यात विकावे लागल्याचे बँकेने जाहीर करताच ठेवीदार धावले. ९ मार्च २०२३ या एका दिवसात त्यांनी ४,२०० कोटी डॉलर परत मागितले. दुसऱ्या दिवशी बँकेला टाळे लागले. म्हणून बाजार पडल्यावर 'किती पडला' यापेक्षा 'आज विकणे कोणाला भाग आहे' हे बघावे. ज्याला भाग आहे तोच बुडतो.

'किती' या प्रश्नातही आपली पुष्कळ फसगत होते. ४ जून २०२४ला लोकसभेचे निकाल लागले, तेव्हा सेन्सेक्स ४,३९० अंशांनी पडला. त्या मानाने २८ एप्रिल १९९२ची घसरण अवघी ५७० अंशांची. पण टक्क्यांत मांडा. १९९२ची घसरण पावणेतेरा टक्क्यांची होती, २०२४ची पावणेसहा टक्क्यांचीही नव्हती. निर्देशांक मोठा झाला, की अंशही मोठे दिसतात. वाहिन्यांना अंश आवडतात, कारण त्यांत आवाज असतो. घरी बसून विचार करणाऱ्याने टक्के बघावेत.

बाजार आणि देश

आणखी एक समज सुशिक्षित घरांतही घट्ट बसलेला असतो. देशाची अर्थव्यवस्था वाढते आहे, मग शेअर बाजार वाढणारच. बाजार पडला, म्हणजे देशाचे काहीतरी बिघडले. गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास याला साथ देत नाही.

१९९२च्या एप्रिलमध्ये ४,४६७ असलेला सेन्सेक्स ११ वर्षांनी, २००३च्या एप्रिलमध्ये, तीन हजारांच्या आसपास होता. मधल्या काळात देश काही थांबला नव्हता. घरोघरी फोन आले, रस्ते झाले, माहिती तंत्रज्ञानाचा उद्योग उभा राहिला, राष्ट्रीय उत्पन्न वर्षाला सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास वाढले. महागाईही दुपटीहून अधिक झाली. तरी १९९२च्या शिखरावर पैसे घालणाऱ्याला लाभांशाखेरीज काहीच मिळाले नव्हते. कारण शिखरावर त्याने पुढच्या दहा वर्षांची प्रगती आधीच विकत घेतली होती, आणि तीही चढ्या भावाने. 'दीर्घकाळ थांबा, पैसे वाढतातच' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. दीर्घकाळ म्हणजे कधीकधी ११ वर्षे, हेही त्यांनी सोबत सांगायला हवे.

याच्या अगदी उलट चित्र २०२०मध्ये दिसले. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांनी पडून २६ हजारांच्या खाली आला. मग टाळेबंदी लागली. डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुले घेऊन माणसे मुंबई-पुण्याहून गावाकडे चालत निघाली. एप्रिल ते जून या तिमाहीत राष्ट्रीय उत्पन्न पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटले. आणि बाजार? तो याच काळात चढत होता. २१ जानेवारी २०२१ला सेन्सेक्सने ५० हजारांना स्पर्श केला. दहा महिन्यांत जवळजवळ दुप्पट!

यात चमत्कार काही नाही. सेन्सेक्समध्ये ३० मोठ्या कंपन्या असतात. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, इचलकरंजीचा छोटा यंत्रमागवाला, नाशिकचा कांदा-उत्पादक त्यात नसतो. छोटे बंद पडले, तेव्हा त्यांची काही गिऱ्हाइके मोठ्यांकडे गेली. रिझर्व्ह बँकेने मे २०२०मध्ये रेपो दर चार टक्क्यांवर आणला होता. जगभर पैसा स्वस्त झाला होता आणि स्वस्त पैसा कुठेतरी जाऊन बसणारच. शिवाय बाजार आजचे बघत नाही, तो पुढच्या दोन-तीन वर्षांचा अंदाज बांधतो. त्याचा अंदाज चुकतो तेव्हा तो पडतो, आणि तो चुकणार कधी हे कोणालाच आधी कळत नाही. मी बँकेत बत्तीस वर्षे काढली. आधी कळलेला एकही माणूस मला भेटला नाही. आधी कळले होते असे नंतर सांगणारे मात्र शेकड्यांनी भेटले.

आता या बाजारात आपली घरे पूर्वीपेक्षा फार मोठ्या संख्येने आहेत. मार्च २०२०मध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती. ऑगस्ट २०२३मध्ये त्यांनी दहा कोटींचा टप्पा ओलांडला. ऑक्टोबर २०२४मध्ये परदेशी संस्थांनी आपल्या बाजारात ९० हजार कोटींहून अधिक किमतीचे शेअर निव्वळ विकले. त्याच महिन्यात एसआयपीतून २५ हजार कोटींवर रक्कम आली. बाजाराला खांदा देणाऱ्यांत आता दरमहा दोन-पाच हजार भरणारा शिक्षक, नर्स, कारकून आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण खांदा देणाऱ्याला आपण काय उचलले आहे हे ठाऊक हवे.

एसआयपीचे गणित सोपे आहे. महिन्याला हजार रुपये भरलेत. पहिल्या महिन्यात युनिटचा भाव ५० होता, २० युनिटे मिळाली. दुसऱ्या महिन्यात भाव २५वर आला, ४० मिळाली. तिसऱ्यात ४० झाला, २५ मिळाली. तीन हजारांत ८५ युनिटे. भाव ५०वरून ४०वर उतरलेला आहे, तरी तुमची किंमत ३,४०० रुपये आहे. पडत्या बाजारात हप्ता बंद करणारा हा दुसराच महिना गमावतो. मात्र यातही एक अट आहे. भाव पुन्हा वर येईपर्यंत ते पैसे लागता कामा नयेत. म्हणजे फिरून आपण तारखेवरच आलो.

जिथे तारीखच विकत घेतात

तारखेचा सर्वांत क्रूर खेळ ऑप्शन नावाच्या व्यवहारात चालतो. घराघरांतली विशी-पंचविशीतली मुले यात आहेत आणि बरेचदा घरात पत्ता नसतो, म्हणून हे लिहिणे भाग आहे. ऑप्शन घेणारा शेअर विकत घेत नाही. अमुक दिवसापर्यंत भाव अमुक होईल, यावर तो पैसे लावतो. तो दिवस उलटला, की हातातल्या कागदाची किंमत शून्य. अंदाज बरोबर निघाला पण दोन दिवस उशिरा, तरीही शून्य. शेअर पडला तर माझ्यासारखा चौदा वर्षे थांबू शकतो. इथे थांबायची सोयच नाही.

सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या शंभरातल्या ९३ व्यक्तींना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. माणशी सरासरी सुमारे दोन लाख. यानंतर सेबीने दर आठवड्याला संपणाऱ्या करारांवर बंधने घातली, करारांची रक्कम वाढवली. तरीही २०२४-२५ या वर्षात शंभरातले ९१ जण तोट्यातच राहिले. मटक्याच्या अड्ड्यावर जाणाऱ्या मुलाला आपण ओळखत होतो, कारण तो घराबाहेर जाई. हा मुलगा जेवणाच्या ताटावरच असतो. त्याच्याशी रागाने बोलून उपयोग नाही, पण बोलायला हवे.

डबे आणि बियाणे

मग सामान्य कुटुंबाने करायचे काय? सगळे पैसे बँकेत ठेवून स्वस्थ बसावे? माजी बँक अधिकारी असूनही मी तसे म्हणणार नाही. महागाई सहा टक्के राहिली, तर बारा वर्षांत किमती दुप्पट होतात. तुमच्या ठेवीवर कर वजा जाता तेवढेही व्याज मिळत नसेल, तर पैसा बँकेत सुरक्षित राहूनही झिजत असतो. आणि बँक म्हणजे निर्धास्त, हेही पूर्ण खरे नाही. सप्टेंबर २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त हजार रुपये काढता येत होते. त्यानंतर फेब्रुवारी २०२०मध्ये ठेवविम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. तिच्यापलीकडची रक्कम एकाच बँकेत ठेवताना विचार करावा.

माझी आई चौथी शिकलेली होती. तिच्याकडे डाळी-तांदळाच्या डब्यांत पैसे असत. दूधवाल्याचे एका डब्यात, किराण्याचे दुसऱ्यात, सणावाराचे तिसऱ्यात. कितीही नड आली, तरी ती एका डब्यातले दुसऱ्यात घालत नसे. आणि शेतकऱ्याच्या घरात बियाणे खात नाहीत, हा नियम तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. मला अजून यापेक्षा चांगले अर्थनियोजन सापडलेले नाही.

पहिला डबा सहा महिन्यांच्या घरखर्चाचा. तो बचत खात्यात किंवा छोट्या मुदत ठेवीत हाताशी हवा. दुसरा डबा तारखेच्या पैशांचा. येत्या पाच वर्षांतले शिक्षण, लग्न, घराचा भरणा, ठरलेली शस्त्रक्रिया. हा पैसा त्या त्या तारखेला परत मिळेल अशाच ठिकाणी ठेवावा. बाजार किती का चढेना, त्याला तिकडे पाठवू नये. तिसरा डबा तारीख नसलेल्या पैशांचा. तो बाजारात जाऊ द्या, हप्त्याहप्त्याने जाऊ द्या, आणि तो निम्मा झालेला दिसला तरी रात्री झोप लागेल एवढाच असू द्या. २००८च्या जानेवारीपासून २००९च्या मार्चपर्यंत सेन्सेक्स साठ टक्क्यांहून अधिक पडला होता. जुन्या पातळीवर यायला त्याला २०१०ची दिवाळी उजाडली. अशी वेळ पुन्हा येणार, हे गृहीत धरूनच हा डबा भरावा. तारीख जवळ येऊ लागली, की तिसऱ्यातले दुसऱ्यात आणायला सुरुवात करावी. निवृत्त माणसांनी तर पहिले दोन डबे नीट भरल्याशिवाय तिसऱ्याचे झाकण उघडू नये.

भाच्याला मी तेच सांगितले. बाजार थोडा सावरेल तसतसे दिवाळीचे बारा लाख काढून ठेवीत टाक, हप्ता चालू ठेव, बाकीचे विसर. ट्रम्पसाहेबांनी दोन दिवसांतच बहुतेक देशांवरचे वाढीव शुल्क नव्वद दिवसांसाठी लांबणीवर टाकले आणि महिनाअखेर सेन्सेक्स ८० हजारांवर होता. भाचा फोन करून म्हणाला, "मामा, तू ग्रेट आहेस." मी त्याला सांगितले, की यात माझे शहाणपण नाही, तुझे नशीब आहे. दिवाळीपर्यंत बाजार वर आलाच नसता, तर तुझ्यावर कर्ज काढायची वेळ आली असती.

गुरुजी आता नाहीत. त्यांची ती ठेवपावती मी पास केली, तेव्हा मी काय विचारायला हवे होते, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. व्याज कमी होईल हे मी सांगितले. घरात विचारा हेही सांगितले. 'गुरुजी, लग्नाच्या आदल्या महिन्यात बाजार पडलेला असला, तर काय कराल?' एवढे एक वाक्य विचारायचे राहून गेले. कदाचित त्यांनी ऐकलेही नसते. पण ते विचारणे माझे काम होते. म्हणून आता कोणाचाही फोन आला, की मी निर्देशांक बघण्याआधी तेच विचारतो.